चौथ्या प्रकरणातली बाई

माझ्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर अकरा जणांचे आभार मानलेले आहेत. मार्गदर्शक सर, प्राचार्य, ग्रंथपाल, माझा नवरा, अगदी उन्हातान्हात झेरॉक्सचे गठ्ठे आणून देणारे कॉलेजचे शिपाई बजरंगमामासुद्धा. गंगासागर हे नाव त्यात नाही. विसरून राहिलं असतं तर मी स्वतःला माफ केलं असतं. पण मी ते लिहिलं होतं आणि नंतर खोडलं.

गंगासागर म्हणजे माझी मोठी जाऊ. मी त्यांना अक्का म्हणते. आमचं सासर चौसाळ्याचं, वाण्याचं घर. हायवेला लागून किराणा-भुसाराचं दुकान, सासऱ्यांनी उभं केलेलं. थोरले दीर सोमलिंगदादा ते बघायचे. माझा नवरा रुद्रेश बीडला ठिबकच्या नळ्यांचं दुकान चालवतो आणि मी तिथल्याच एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. चार वर्षांपूर्वी दादा बसल्या जागी गेले. दुःखाचे दिवस सरले तसं अक्कांनी एका सकाळी कपाळाला विभूती लावली, दुकानाचं शटर वर केलं आणि गल्ल्यावर जाऊन बसल्या. कुणाला विचारलं नाही. कुणी अडवलंही नाही, कारण सगळ्यांना वाटलं, चार दिवसांचं आहे.

माझ्या प्रबंधाचा विषय ऐकला की लोक आधी गप्प होतात आणि मग चहा मागवतात. राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या इंग्रजी कादंबऱ्यांतल्या बायका आणि त्यांचा अर्थविचार. बीडमध्ये बसून हे कशाला, असं मला तोंडावर विचारणारेही भेटले. मी त्यांना ऐटीत उत्तर द्यायचे, की घर चालवणाऱ्या बाईला पैशातलं कळत नाही असं जग दोनशे वर्षं म्हणत आलंय, ते खोटं आहे हे मला दाखवायचंय. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

तीन प्रकरणं लिहून मी सरांकडे पाठवली. सरांचा निरोप आला, वाचन भरपूर आहे बाई, पण यात तुमचा विचार कुठे आहे? मी दोन दिवस जेवले नाही. पुढं मे महिना लागला. बीडच्या आमच्या फ्लॅटला उन्हाळ्यात नळाला पाणी पंधरा दिवसांनी, त्यामुळे सुट्टी लागली की मी पुस्तकं घेऊन चौसाळ्याला जायचे. दुकानाच्या भिंती जाड, आत गार. अक्का गल्ल्यावर आणि मी मागच्या बाजूला गुळाच्या ढेपांशेजारी खुर्ची टाकून. असे तीन उन्हाळे गेले.

दुपारी गिऱ्हाईक नसायचं. अक्का सुपात तूर घेऊन निवडत बसायच्या आणि मला विचारायच्या, "काय वाचतीस एवढं?" मी पहिल्यांदा टाळलं. सातवी शिकलेल्या बाईला काय सांगायचं, असं माझ्या मनात होतं, हे आता लपवण्यात अर्थ नाही. मग एकदा सांगायला लागले.

"तिथं लग्न झालं की बाईचं सगळं नवऱ्याचं व्हायचं, अक्का. कायद्यानंच. तिची कमाई, बापानं दिलेला पैसा, सगळं."

"म्हंजी आपल्यासारखंच की," अक्का म्हणाल्या. "त्यांनी लिहून ठिवलं हुतं, एवढंच."

मी ते वहीत टिपून घेतलं. तेव्हापासून सवयच लागली.

एक कादंबरी आहे, आता फारशी कुणी वाचत नाही. तिच्यात एका पाद्र्याची बायको आहे. पाद्री असा कंजूष, की मेणबत्तीचे तुकडेसुद्धा मोजून ठेवतो. ही बाई मात्र बागेतल्या फळांचे वर्षभर मुरंबे घालते आणि बरण्याच्या बरण्या गावात वाटत सुटते. स्वतः ठिगळ लावलेला झगा घालते. समीक्षकांनी तिला एका ओळीत निकालात काढलंय, मायाळू पण अव्यवहारी. मीही दुसऱ्या प्रकरणात तेच लिहिलं होतं.

"मग शेवटी काय हुतं तिचं?" अक्कांनी विचारलं.

"नवरा मरतो. घर चर्चच्या मालकीचं, तिला बाहेर काढतात. मग गावातली घरं तिला पाळीपाळीनं ठेवून घेतात, पार म्हातारी होईपर्यंत. लेखकानं ती देवाची कृपा म्हणून दाखवलीय."

अक्कांनी सूप खाली ठेवलं आणि हसल्या. "देवाची किरपा कशाची. वाटल्या न्हाईत तिनं बरण्या, ठिवल्या. आपल्या घरात ठिवल्या असत्या तर नवऱ्यानं इकल्या असत्या. लोकाच्या घरात ठिवलेलं कोन इकतंय?"

माझा हात वहीवर तसाच राहिला. तीन वर्षं मी ती कादंबरी वाचत होते आणि हे मला दिसलं नव्हतं.

"तुम्हाला कसं सुचलं हे?" मी विचारलं.

"सुचायचं काय त्यात. चल, दावते," म्हणाल्या आणि मला मागच्या गोदामात घेऊन गेल्या.

भिंतीशी ज्वारीची पोती लावलेली होती. दुकानाची पोती सुतळीनं शिवलेली असतात. ही मात्र तोंडाशी लुगड्याच्या चिंध्यांनी बांधलेली होती. हिरवी चिंधी, जांभळी चिंधी, फुलाफुलांची. अशी बेचाळीस पोती. रानात ज्वारी काढायला जाणाऱ्या बायकांना मजुरी ज्वारीतच मिळते. त्यातली थोडी घरी न नेता त्या अक्कांकडे आणून ठेवायच्या. जिनं तिनं आपल्याच लुगड्याची चिंधी बांधायची, म्हणजे लिहायला नको आणि वाचायलाही नको. श्रावणात भाव चढला की विकायची, नाहीतर अडीनडीला न्यायची.

"पैसा दिसला की तो नवऱ्याचा," अक्का एकेका पोत्याला हात लावत म्हणाल्या. "ज्वारी घरात दिसली की समद्या घराची. हितं असली तरच बाईची. आन् दुकानात पोतं आलं गेलं, तर कुनी मान वळवून बी बघत न्हाई."

"तुम्हाला यातून काय मिळतं?"

"मला? मला कळतं. हिरवी चिंधी हालली, म्हंजी बायनाबाईच्या घरी काय तरी निघालं. बाळतपन असल तर मी खोबरं, डिंक आनून ठिवते. लगीन असल तर गूळ, दाळ. व्यापाऱ्याला जे बाजारात कळायचं ते मला पोतं आधी सांगतं. तुझ्या दादाच्या माघारी दुकानात माल पडून राहिला न्हाई बघ, त्ये ह्याच्यानं." मग आवाज बारीक करून म्हणाल्या, "कुटं बोलू नको पर. बायनाबाईच्या नवऱ्याला कळलं तर पोतं बी जाईल आन् ती मार बी खाईल."

मी कुठं बोलले नाही. मी लिहिलं. अकरा दिवसांत चौथं प्रकरण पुरं झालं. चौसाळ्याचं नाव नाही, ज्वारी नाही, चिंधी नाही. पण बाईची संपत्ती टिकायची तर ती कुणाला संपत्ती वाटता कामा नये, आणि बाई जे देते ते बहुतेक वेळा देणं नसून ठेवणं असतं, हे त्या प्रकरणाचं सगळं हाडपेर, ते अक्कांचं होतं. पाद्र्याच्या बायकोला मायाळू म्हणणं हा तिचा अपमान आहे, तिच्या डोक्याला मान न देण्याची ती सभ्य रीत आहे, असं मी ठासून लिहिलं. लिहिताना मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

सरांचा फोन आला. आवाजच वेगळा होता. म्हणाले, "बाई, हे कुठं वाचायला मिळालं नाही आजवर. विचार कुणाचा?"

"माझाच सर," मी म्हणाले. हजेरी घेताना पोरं हजर म्हणतात तितक्या सहज ते तोंडातून गेलं.

मग आभारातलं नाव खोडणं आलंच. ठेवलं असतं तर परीक्षक विचारणार, या कोण? किराणा दुकानदार, शिक्षण सातवी. मग माझं काय उरलं असतं? पहिली तीन प्रकरणं, ज्यांत विचार नव्हता.

इथपर्यंत ती चोरी होती. साधी, अक्षरांची. तेवढ्यावर भागलं असतं तर मी आज हे लिहायला बसले नसते.

फेब्रुवारीत वाटणीची बैठक बसली. रुद्रेशला हायवेवरच्या त्या जागेत ठिबकच्या नळ्यांचं दुसरं दुकान घालायचं होतं. त्याचं म्हणणं असं, की दुकान आम्ही घ्यावं आणि त्या बदल्यात गावातलं घर अन् मागची चार एकर जमीन अक्कांच्या नावानं करावी. किंमत काढली तर दोन्ही पारडी सारखी, कदाचित अक्कांचं थोडं जडच. रुद्रेश वाईट माणूस नाही. वाटणीत खोट नव्हती आणि म्हणूनच ती करणं सगळ्यांना सोपं होतं. अक्कांना मात्र दुकान हवं होतं. आयुष्यात त्यांनी पहिल्यांदा काही मागितलं.

निवाडा करायला परळीहून रुद्रेशचे मामा आले, संगमेशअप्पा. दुकानाच्या पुढच्या खोलीत सतरंजी टाकली. साक्षीला गावातले दोघं बोलावलेले, दारात उंबऱ्याशी बसले होते. त्यातला एक म्हाळू, बायनाबाईचा नवरा.

अप्पा सरळ माणूस. म्हणाले, "दुकान ज्याला कळतं त्याला द्यावं. बाकी हिशोब मागून."

रुद्रेश म्हणाला, "वैनी गल्ल्यावर बसतात, त्ये कबूल हाय अप्पा. पर दुकान दादानं घालून दिलेल्या घडीवर चाललंय. गिऱ्हाईक दादाच्या नावानं येतंय. आनखी दोन वर्सं चालंल, मग?"

"गंगासागर, तुला काय म्हनायचं?"

"दुकान मी चालवते, अप्पा," अक्का म्हणाल्या. "घडी त्यांची हुती. त्यांच्या माघारी माल काय आनायचा, कवा आनायचा, त्ये मीच ठरवते."

"कसं ठरवतीस त्ये सांग की. नुसतं म्हनून कसं चालंल?"

अक्कांनी तोंड उघडलं. त्यांची नजर उंबऱ्याकडे गेली. म्हाळू तंबाखू मळत ऐकत होता. भिंतीपलीकडे गोदाम होतं आणि त्यात हिरव्या चिंधीचं पोतं होतं. अक्कांनी तोंड मिटलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

अप्पांनीही पाहिलं. "ही शिकलेली हाय. तीन उन्हाळे हितं बसून काडले. शिवांजली, तूच सांग बाई. हिला दुकान डोक्यानं कळतं, का नुसतं चाललंय?"

कळतं, एवढा एकच शब्द पुरे होता. चिंधीचं, पोत्याचं काही सांगायची गरज नव्हती. अप्पांनी माझा शब्द मानला असता, कारण मी प्राध्यापक आणि शिवाय रुद्रेशची बायको. मी माझ्याच नवऱ्याच्या विरुद्ध बोलले असते तर त्याला आणखी वजन आलं असतं.

मी म्हणाले, "अक्का फार मायाळू आहेत, अप्पा. लोक त्यांच्या मायेपोटी येतात. व्यवहाराचं म्हणाल तर... मी पुस्तकात असायचे. माझं तेवढं लक्ष नव्हतं."

मायाळू. चौथ्या प्रकरणात ज्या शब्दावर मी सतरा पानं खर्ची घातली, तोच शब्द मी अक्कांच्या हातात ठेवला. बोलताना कळत होतं. कळून बोलले.

नंतर मी स्वतःला पुष्कळ समजावलं. बायकांचं गुपित जपायला नको का? नवऱ्याला चारचौघांत खाली कसं पाहायला लावायचं? दोन्ही खरं होतं आणि दोन्ही कारणं नव्हती. कारण हे होतं, की अक्कांना डोकं आहे असं मी एकदा म्हटलं, की पुढचा प्रश्न आला असता, तुला कसं ठाऊक? आणि त्याचं उत्तर चौथ्या प्रकरणात छापून तयार होतं. प्रबंध दहा दिवसांनी विद्यापीठात जायचा होता. दुकान आमच्याकडे आलं तर वाईटही काही नव्हतं, हेही आत कुठंतरी होतंच. खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं ते कारण अजून घशात आहे.

अप्पांनी दुकान रुद्रेशला दिलं.

संध्याकाळी मी चुलीपाशी भाकरी थापत होते. माझ्या डोळ्यांना धार लागली होती, धुराच्या नावाखाली. अक्का मागून आल्या आणि पाठीवर हात फिरवायला लागल्या.

"तू नको मनाला लावून घिऊ," म्हणाल्या. "मी दावलं तरी तुला काय कळायचं दुकानातलं. तू तर मान घालून पुस्तकात असायचीस. खोटं थोडंच बोललीस? न्हाई कळलं त्ये न्हाई म्हनलीस."

त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर मी त्या मुकाट्यानं ऐकल्या असत्या, मला त्या हव्याच होत्या. तो पाठीवरचा हात मात्र मला सोसवला नाही. मी भाकरी उलटायला म्हणून बाजूला सरकले.

पाडव्याच्या आत गोदाम रिकामं करायचं होतं. अक्कांनी बायकांना एकेकीनं बोलावून पोती परत दिली. गावातल्या घरात ठेवा म्हणून दोघीतिघींनी विचारलं. अक्का नाही म्हणाल्या, आणि बरोबरच होतं. दुकानात पोतं नेणारी बाई कुणाला दिसत नाही, घरात नेणारी सगळ्या गल्लीला दिसते. बेचाळीस पोती बेचाळीस घरांत गेली आणि घरांची झाली. बायनाबाईचं पोतं तिसऱ्या आठवड्यात म्हाळूनं विकलं. ते तिनं लेकीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी राखलं होतं. लेक आता ऊसतोडीला जाते. हे मला अक्कांनीच सांगितलं, कुणाला दोष न देता, पाऊसपाण्याचं सांगावं तसं.

सप्टेंबरात माझ्या नावामागं डॉक्टर लागलं. आमच्या लिंगायत समाजानं कपिलधारच्या देवस्थानात सत्कार ठेवला, गुणवंतांचा. धबधब्याला पाणी होतं, गर्दी चांगली जमली होती. प्रमुख पाहुणे म्हणून माझे सरच आले होते. अक्का चौसाळ्याच्या बायकांबरोबर जीपनं आलेल्या, पहिल्या रांगेत बसल्या होत्या. नवं पातळ नेसल्या होत्या.

मी चार वाक्यांत आभार मानून खाली बसायचं ठरवलं होतं. सरांनी ते होऊ दिलं नाही. माइकवरून म्हणाले, "शिवांजलीबाईंचं चौथं प्रकरण परीक्षकांनी फार वाखाणलं. त्या मुरंबेवाल्या बाईचं. समोर इतक्या माता-भगिनी आहेत, त्यांना ते मराठीत सांगा."

प्रबंध इंग्रजीत होता म्हणून आजवर माझं निभावलं होतं. इंग्रजीची भिंत गोदामाच्या भिंतीइतकीच जाड. आता मी माइकसमोर उभी राहिले आणि पहिल्यांदाच ते मराठीत बोलायला लागले. मध्ये एकदा थांबले. आता नाव घ्यावं, असं मनात आलं. हा विचार माझा नाही, पहिल्या रांगेत बसल्यात त्यांचा आहे, एवढंच. रुद्रेश फोननं चित्रण करत होता. सर मान डोलवत होते. मी घोटभर पाणी प्यायले आणि पुढचं वाक्य बोलले.

मी सांगितलं, की ती बाई वाटत नव्हती, ठेवत होती. तिला मायाळू म्हणणाऱ्यांना तिचं डोकं दिसत होतं, पण ते कबूल करायचं नव्हतं. टाळ्या पडल्या. अक्कांनीही वाजवल्या, दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन.

महाप्रसादाच्या पंगतीत त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. वाढपी गव्हाची गोड हुग्गी वाढून गेला.

"लई चांगलं बोललीस," त्या म्हणाल्या. "समदं कळलं मला."

मी पत्रावळीकडे बघत राहिले. "अक्का, ते तुमचंच होतं. तुम्हीच सांगितलं होतं मला."

"आसंल की. त्याचं काय एवढं? बोलन्याला का कुनाची मालकी आस्ती? मी दुकानात बसून बोलले, तू शिकलेल्या लोकांत बोललीस." त्यांनी एक घास खाल्ला. क्षणभर मला वाटलं, सुटले. मग त्या म्हणाल्या, "तू म्हनलीस, तिला नुसती मायाळू म्हनायचं ही लबाडी हाय."

"हो."

"त्ये तू पुस्तकात लिवलंस कवा? आत्ता?"

"नाही. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात."

"म्हंजी अप्पा आलते, त्याच्या आधी."

 पंगतीत दुसऱ्यांदा वाढायला लोक येत होते. अक्कांनी त्यांना हातानंच नको म्हणून सांगितलं. पत्रावळीत उरलेलं त्यांनी सावकाश संपवलं, कण ठेवला नाही, आणि मग माझ्याकडे वळल्या. चेहऱ्यावर राग नव्हता. हिशोब नव्यानं मांडावा लागलेल्या माणसासारख्या त्या दमलेल्या दिसत होत्या.

"मला वाटलं हुतं, तुला कळलंच न्हाई," त्या म्हणाल्या. "म्हनून मी राग धरला न्हवता."